कड्याखालचा दांत

माझ्या लिहिण्याच्या मेजावर हल्लीं दोन प्रकारचे दांत असतात. रात्रीं निजण्यापूर्वीं मी माझी कवळी काढून पाण्याच्या पेल्यांत ठेवतों. ते माझे दांत. वय वर्षें पांच, किंमत रोख मोजलेली. त्या पेल्याशेजारीं कापराच्या एका रिकाम्या डबींत, कापसावर, हरभऱ्याच्या घाट्याएवढा एक काळा त्रिकोणी दांत निजलेला असतो. तो एका शार्क माशाचा. वय सुमारें दीड कोटी वर्षें, किंमत कांहीं नाहीं. पेल्यांतले दांत दोन्ही वेळां जेवणाच्या कामीं येतात. डबींतल्या दांताचा उपयोग शून्य. परंतु दोहोंपैकीं एकच ठेवा, असें उद्यां कोणीं सांगितलें, तर मी पेला परत करीन आणि उरलेलें आयुष्य मऊ भातावर काढीन. असें कां, तें सांगण्यासाठीं हा लेख. आणि तें सांगावयाचें म्हणजे माझ्या हातून घडलेला एक अपराधही सांगितला पाहिजे.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर मी व सौभाग्यवती धाकट्या चिरंजिवांकडे सहा महिने राहावयास म्हणून अमेरिकेंत मेरीलंड संस्थानांत गेलों. आमचें पुण्याचें घर एकत्र कुटुंबाचें. थोरले बंधु, वहिनी, पुतणे, सुना, नातवंडें मिळून पंगतीला चौदा पानें. अशा घरांतून उठून, जेथें दुपारीं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकूं येते अशा घरीं जाऊन राहणें किती अवघड, तें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांना सांगावयास नको. चिरंजीव व सूनबाई सकाळीं आठला आपापल्या कचेऱ्यांत जात. आठ वर्षांचा नातू शाळेंत जाई. आणि आम्ही उभयतां खिडकीपाशीं बसून बाहेरच्या पानें झडलेल्या झाडांकडे पाहत असूं. नातवाला मराठी उत्तम येतें. त्याचें सारें श्रेय सूनबाईचें. परंतु भाषा येणें वेगळें आणि त्या भाषेंत बोलण्यासारखें कांहीं असणें वेगळें. तो मला वांकून नमस्कार करी, विचारल्यास उत्तर देई आणि आपल्या खोलींत निघून जाई. पस्तीस वर्षें परक्यांच्या मुलांना संस्कृत शिकविलेल्या मला घरच्या एका मुलाशीं बोलावयास विषय सांपडूं नये, याची आंतून फार लाज वाटे.

विषय सांपडला तो दांतांमुळें. जानेवारींत त्याचा वरचा एक दांत पडला. मीं त्याला सांगितलें कीं, आमच्या लहानपणीं रत्नागिरीस पडलेला दांत आम्ही घराच्या कौलांवर फेंकीत असूं आणि उंदराला विनवीत असूं, बाबा रे, हा घे आणि तुझ्यासारखा बळकट दांत मला दे. त्यानें सांगितलें कीं, येथें दांत उशीखालीं ठेवतात. रात्रीं परी येऊन तो घेऊन जाते आणि नाणें ठेवते. दोन्ही पद्धतींची मनांतल्या मनांत तुलना करून झाल्यावर त्याची नजर माझ्या पेल्याकडे गेली.

“आजोबा, तुमचे दांत पुन्हा येणार नाहींत का?”

“नाहीं रे बाळ. माणसाला देवानें ते दोनदांच दिले आहेत.”

“शार्कला येतात. सारखे येतात.”

आणि मग त्या मितभाषी मुलानें मला अर्धा तास व्याख्यान दिलें. शार्कच्या जबड्यांत दांतांच्या रांगांमागें रांगा असतात. पुढचा पडला कीं मागचा पुढें सरकतो. एकेका माशाचे जन्मभरांत हजारों दांत पडतात. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या लवचीक भागासारखा असतो. मासा मेला कीं तो बहुधा कुजून नाहींसा होतो. दांत तेवढे टिकतात. तळच्या गाळांत ते रुतले, त्यांत खनिजें भिनलीं, कीं त्यांचा जीवाश्म होतो आणि पांढरा दांत त्या गाळाचा काळा, करडा किंवा तपकिरी रंग घेतो. “आणि ते आपल्या घरापासून गाडीनें तासाभरावर मिळतात,” असें म्हणून त्यानें व्याख्यान संपविलें. पुढच्याच शनिवारीं कानटोपी, लोकरीचे हातमोजे आणि स्वयंपाकघरांतली एक जुनी चाळण घेऊन आम्ही निघालों.

चेसापीक नांवाचा एक लांबलचक उपसागर मेरीलंड संस्थानाला मधोमध चिरीत गेला आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅल्व्हर्ट परगण्यांत, मातीचे उभे कडे मैलोगणती पसरले आहेत. कांहीं ठिकाणीं त्यांची उंची शंभर फुटांहून अधिक आहे. १६०८ सालीं कॅप्टन जॉन स्मिथ यानें होडींतून हा उपसागर धुंडाळला, तेव्हां त्याच्याही दृष्टीस हे कडे पडले होते. आमच्या सह्याद्रीच्या कड्यांशीं त्यांचें कांहीं नातें नाहीं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यांत सागरी प्राण्याचा मागमूस कोठून असणार? हे कडे वाळू, चिकणमाती आणि शिंपले यांच्या थरांवर थर बसून झालेले आहेत. सुमारें एक कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वींपासून ऐंशी लाख वर्षांपूर्वींपर्यंत या जागीं उबदार, उथळ समुद्र होता. त्यांत देवमासे होते, डॉल्फिन होते, आणि त्यांच्यावर जगणारे शार्क होते. सहाशेंहून अधिक जातींच्या जीवांचे अवशेष या कड्यांतून मिळाले आहेत.

आतां हे अवशेष बाहेर कसे येतात, तें नीट ध्यानांत घ्यावें. कारण पुढची सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. समुद्राच्या लाटा कड्याचा पायथा खात असतात. पावसाचें पाणी वरून थरांत मुरतें. थंडींत त्याचें बर्फ होऊन तें फुगतें व फटी रुंदावतात. ऊन पडलें कीं बर्फ वितळतें आणि इतके दिवस धरून ठेवलेली माती सुटी होते. मग केव्हां तरी दरड कोसळते. लाटा त्या ढिगाऱ्यांतली माती हळूहळू धुऊन नेतात. दांत जड व कठीण म्हणून मागें राहतात आणि वाळूच्या कडेला येऊन पडतात. म्हणजे कडा पडला नाहीं तर दांत मिळावयाचा नाहीं. आणि कडा पडतांना माणूस खालीं असला तर माणूस उरावयाचा नाहीं. देणारा आणि मारणारा हात तेथें एकच आहे.

पहिल्या दिवशीं मला दोन तास एकही दांत दिसला नाहीं. किंवा खरें म्हणजे जें तें दांतच दिसत होतें. शिंपल्याचे तुकडे, काळे खडे, जळक्या लांकडाचे कपचे, सारें मी उचलीत होतों आणि नातू शांतपणें तें परत खालीं टाकीत होता. ओहोटीला पाणी ओसरल्यावर जी ओली, खड्यांची रेघ उरते तिच्यावर नजर ठेवावी. रंग पाहूं नये, आकार आणि चकाकी पाहावी. दांताचें मूळ निस्तेज असतें पण वरचा भाग झिलई दिल्यासारखा चमकतो, असे त्याचे नियम होते. जुन्या हस्तलिखित पोथींत शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. नवशिक्याला ती अक्षरांची एक सलग ओळ दिसते. आणि मग एके दिवशीं, कसें तें सांगतां येत नाहीं, पण शब्द आपोआप सुटे होऊन समोर उभे राहतात. माझें तसेंच झालें. खड्यांच्या त्या ओळींत एकाएकीं एक दांत दांत म्हणून दिसला, आणि एकाहत्तर वर्षांचा मी “मला सांपडला!” असें एवढ्या मोठ्यानें ओरडलों कीं, वाटेनें जाणाऱ्या एका गोऱ्या वृद्धानें टोपी उंचावून माझें अभिनंदन केलें.

हळूहळू जातीही ओळखूं येऊं लागल्या. कांहीं दांत दाभणासारखे लांब व बारीक, निसटता मासा धरण्यासाठीं. कांहीं रुंद व धारदार. आणि कांहींच्या कडांना सुताराच्या करवतीसारखे दाते. या करवती दांताच्या माशाला हेमिप्रिस्टिस म्हणतात. तो अटलांटिक महासागरांतून केव्हांच नाहींसा झाला. पण त्याच कुळांतला एक वंशज आपल्या अरबी समुद्रांत आजही आहे. हें ऐकून मला रत्नागिरीचें बंदर आठवलें. आमच्या घरीं मासळीचें नांव काढणेंही निषिद्ध होतें. तरी कोळ्यांच्या होड्या लागल्या कीं मी चोरून बंदरावर जाई आणि वाळूवर टाकलेल्या मुशीचा तो उघडा जबडा पाहून घरीं येतांच गुपचूप अंघोळ करीं. ही गोष्ट आजवर मीं कोणास सांगितली नव्हती, नातवाला सांगितली. तो इतका हंसला कीं, त्याच्या पडलेल्या दांताची खिडक कितीतरी वेळ उघडीच होती.

पहिला दांत घेऊन घरीं आलों तों दारांतच अडवणूक झाली.

“तें हाड आहे,” सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि तेंही मेलेल्या जनावराचें. देव मांडले आहेत त्या घरांत तें येणार नाहीं.”

“देवांत शंख आहे ना? तो कोणाचा?”

“शंख वेगळा.”

“आणि पुण्याच्या देव्हाऱ्यांतला आजोबांचा शाळिग्राम?”

मग जी गोष्ट थोरल्या बंधूंच्या धाकानें मीं पुण्यांत कधीं बोलून दाखविली नव्हती, ती तेथें उंबरठ्याबाहेर थंडींत उभ्याउभ्यां सांगितली. शाळिग्राम नेपाळांत गंडकीच्या पात्रांत मिळतो. त्यावरच्या ज्या चक्राची आपण विष्णूचें म्हणून पूजा करतों, तें अमोनाईट नांवाच्या एका सागरी प्राण्याच्या कवचाचें आहे. तो प्राणी आतां निर्वंश झाला आहे. जेथें आज हिमालय आहे तेथें त्याच्या काळीं समुद्र होता, आणि त्या गोष्टीला चौदा-पंधरा कोटी वर्षें होऊन गेलीं. सौभाग्यवतींनीं सारें ऐकून घेतलें. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये म्हणतात. देवाचें तरी कशाला शोधतां?” एवढें बोलून त्यांनीं तो दांत नळाखालीं तीनदां धुतला, आंत जाऊन कापराची डबी रिकामी केली आणि माझ्या हातीं दिली. शास्त्र आणि श्रद्धा यांचा समेट याहून कमी शब्दांत झालेला मीं पाहिला नाहीं.

या दांतांनीं शहाण्यासुरत्यांनाही पुष्कळ चकविलें आहे. चंद्र क्षीण होत असतां हे आकाशांतून पडतात, असें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहून ठेवलें. माल्टा बेटांत ते विपुल मिळत. लोक त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगीत. १६१६ सालीं इटलींतल्या फाबियो कोलोन्ना यानें हे शार्कचेच दांत आहेत, असें प्रतिपादन केलें. पुढें १६६६ च्या ऑक्टोबरांत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड शार्क पकडला. फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकनें त्याचें मस्तक आपल्या पदरच्या स्टेनो नांवाच्या डॅनिश वैद्याकडे चिरफाडीसाठीं पाठविलें. स्टेनोनें ताजे दांत आणि दगडी ‘जिभा’ ताडून पाहिल्या व १६६७ सालीं दोहोंचें साम्य छापून प्रसिद्ध केलें. मग डोंगरांत हे दांत गेले कसे, या प्रश्नाचा पाठपुरावा करतां करतां, गाळाचे थर एकावर एक बसतात व खालचा थर आधींचा असतो, हा नियम त्यानें १६६९ सालीं मांडला. भूगर्भशास्त्राच्या पायाचा एक दगड हा असा माशाच्या जबड्यांतून आलेला आहे. ही कथा मीं नातवाला कड्यांसमोर बसून सांगितली. ती संपल्यावर त्यानें समोरच्या थरांकडे बोट करून विचारलें, “म्हणजे सगळ्यांत खालचा थर पणजोबा?” पस्तीस वर्षांच्या नोकरींत इतका चांगला विद्यार्थी मला क्वचितच मिळाला असेल.

येथपर्यंत सारें गोड झालें. मार्च उजाडेपर्यंत आमच्याजवळ पन्नास-साठ दांत जमले. नातू प्रत्येक दांत मोजून, वहींत त्याचें चित्र काढून ठेवी आणि त्यांत तो तृप्त होता. मी नव्हतों. सॉलोमन्स गांवच्या सागरी संग्रहालयांत मेगॅलोडॉन नांवाच्या महाशार्कच्या सांगाड्याची पूर्णाकृति प्रतिकृति उभारली आहे. हा जीव सुमारें छत्तीस लाख वर्षांपूर्वीं नामशेष झाला. त्याचा दांत तळहाताएवढा. मोठ्यांत मोठे तर सात इंचांच्या घरांत जातात. ती प्रतिकृति पाहिली त्या दिवसापासून बोटाच्या पेराएवढे दांत मला क्षुद्र वाटूं लागले. सुवर्णमृगाची कथा शिकवितांना मी दरवर्षीं वर्गांत विचारीत असें, “सोन्याचा हरीण असूं शकत नाहीं, हें रामाला ठाऊक नव्हतें काय?” मुलें गप्प बसत. आतां उत्तर देण्याची पाळी माझी होती.

या छंदांत धोके कांहीं थोडे नाहींत. दक्षिण कॅरोलायनांत कूपर नदीच्या तळाशीं मोठे दांत मिळतात. तेथें पाणबुडे काळ्या चहासारख्या पाण्यांत, दिव्याच्या उजेडांत हातभर पलीकडचें न दिसतां, जोराच्या ओढींत तळ चांचपतात. फ्लॉरिडांत पीस नदींत कमरेएवढ्या पाण्यांत उभे राहून लोक चाळणीनें रेती चाळतात. दोन्ही ठिकाणीं सुसरींच्या जातीच्या ॲलिगेटरांची वस्ती. चेसापीकला उन्हाळ्यांत दंश करणारे जेलीफिश येतात. किनाऱ्याकडे जाणाऱ्या रानवाटेंत गोचीड असतात आणि त्यांच्या चाव्यानें लाईम नांवाचा चिवट रोग जडतो, म्हणून परत आल्यावर सूनबाई आमच्या माना आणि विजारीचे पाय तपाशीत असे. भरती चढली कीं कांहीं ठिकाणीं वाळूची पट्टीच नाहींशी होऊन माणूस पाणी आणि कडा यांच्या कात्रींत सांपडतो. परंतु या साऱ्यांची कांहीं तरी चाहूल लागते. कडा मात्र पुष्कळदां नोटीस न देतां येतो. म्हणूनच कडा खणण्यास मनाई आहे, जागोजाग इशाऱ्याचे फलक आहेत, आणि तेथल्या सरकारी उद्यानांत कड्याखालचा भाग लोकांना बंद ठेवला आहे. हें सारें मला ठाऊक होतें. अज्ञानाची सबब माझ्याजवळ नाहीं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत आधीं कडक थंडी पडली, मग तीन दिवस पाऊस लागला आणि शनिवारीं लख्ख ऊन पडलें. निघतांना सूनबाई एवढेंच म्हणाली, “बाबा, पाण्याच्या बाजूनें चाला.” मीं हो म्हटलें. किनाऱ्यावर पोंचतांच चिरंजिवांना कचेरींतून फोन आला; ते गाडीपाशीं थांबले आणि आम्ही दोघे पुढें गेलों. एका वळणापलीकडे कड्याच्या पायथ्याशीं ताजी दरड पडलेली दिसली. ओली, निळसर करडी माती. आणि तिच्या उतारावर, माझ्यापासून पंधरा पावलांवर, एक काळा, चकचकीत, तळहाताएवढा त्रिकोण.

“आजोबा, तिकडे फलक आहे,” नातू म्हणाला.

“आपण लगेच येऊं,” मी म्हणालों.

हे तीन शब्द मीं त्याला उद्देशून म्हटले नव्हते. स्वतःलाच म्हटले होते. त्याला तेथेंच उभें राहा असें सांगावयाचें भान मला राहिलें नाहीं, आणि तो माझा हात सोडणारा मुलगा नव्हे. ढिगाऱ्यापाशीं पोंचून मीं चाळण खालीं ठेवली आणि वांकलों. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकूं येतें. वरून बारीक माती झरूं लागली होती, पोत्याला भोंक पडून धान्य गळावें तशी. ती मीं ऐकली नाहीं. नातवानें मला हांका मारल्या, त्याही ऐकल्या नाहींत. मला एवढेंच कळलें कीं, माझ्या कोटाला मागून दोन्ही हातांनीं कोणी तरी जिवाच्या आकांतानें ओढीत आहे. तोल जाऊन मी मागें आलों, सांवरलों, आणि काय होत आहे हें समजण्याआधींच आम्ही दोघे धांवत गुडघाभर पाण्यांत शिरलों होतों. मागें आवाज झाला. तो कांहीं कडाडणारा आवाज नव्हता. ओट्यावरून भरलें पोतें खालीं टाकावें, तेवढाच. वळून पाहिलें तों जेथें मी वांकलों होतों तेथें बैलगाडीएवढा मातीचा ढीग होता. चाळण कोठें दिसत नव्हती.

पाणी बर्फासारखें होतें. नातू रडला नाहीं. त्याचे हात अद्यापि माझ्या कोटाला होते आणि थंडीनें त्याचे दांत एकमेकांवर वाजत होते. “आजोबा, मीं तीनदां हांक मारली,” तो म्हणाला. मला उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें तो म्हणाला, “आईला सांगायला नको. ती पुन्हां पाठवणार नाहीं.” आणि मी म्हणालों, “बरें.”

कड्याखालीं गेलों तो माझा पहिला अपराध. हा दुसरा, आणि मला वाटतें अधिक मोठा. पहिल्यानें मीं त्याचा जीव धोक्यांत घातला. दुसऱ्यानें, ज्या मुलानें मला वांचविलें त्यालाच मीं माझ्या खोट्याचा भागीदार केलें. लाटेनें भिजलों, असें मीं चिरंजिवांना सांगितलें. नातवानें मान डोलावली. रात्रीं झोंप आली नाहीं. पेल्यांतले दांत अंधारांतही मला वांकुल्या दाखवीत आहेत असें वाटत होतें.

रविवारीं सकाळीं सूनबाई चहा टाकीत असतां मीं उभ्याउभ्यां तिला सारें सांगितलें. तिनें शेगडी बंद केली.

“किती अंतर होतें?”

मीं दाखविलें. दारापासून शीतकपाटापर्यंत. ती कितीतरी वेळ त्या फरशीकडे पाहत राहिली.

“बाबा,” ती शेवटीं म्हणाली, “तुम्ही होऊन सांगितलेंत म्हणून मला राग येणार नाहीं, असें नाहीं.” आणि ती नातवाच्या खोलींत जाऊन, तो अजून झोंपेंत होता त्याच्या उशाशीं बसली.

पुढें तीन आठवडे कोणी किनाऱ्याचें नांव काढलें नाहीं. मी सांगून टाकलें म्हणून नातू दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं येऊन त्यानें विचारलें, “आई तुम्हांला रागावली का?” मीं हो म्हटल्यावर, “मलाही,” असें म्हणून तो शेजारीं बसला, आणि आमचा समेट झाला. सौभाग्यवतींनीं मात्र मला एक शब्दही विचारला नाहीं. रोज सकाळीं पूजेच्या वेळीं त्या नातवाच्या कपाळाला अंगारा लावूं लागल्या, त्यावरून काय समजावयाचें तें मी समजलों.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारीं रात्रीं भांडीं आंवरतां आंवरतां सूनबाई म्हणाली, “उद्यां ओहोटी सकाळची आहे. मीही येतें.” आम्ही तिघे गेलों. तो ढीग अर्धा धुऊन गेला होता आणि त्यापुढचें पाणी गढूळ दिसत होतें. नातू पाण्याच्या अगदीं कडेनें चालला होता, त्याच्या मागें मी. आणि आमच्या व कड्याच्या मध्यें, आम्हांला समांतर, सूनबाई चालत होती. सबंध वेळांत तिनें वाळूकडे एकदांही पाहिलें नाहीं; तिची दृष्टि वर, कड्याच्या माथ्यावर होती. एवढ्यांत नातू वांकला. त्या ढिगाऱ्यांतूनच निघालेला, हरभऱ्याच्या घाट्याएवढा, करवती कडेचा एक काळा दांत लाटेनें त्याच्या पायाशीं आणून टाकला होता. त्यानें तो आईला दाखविला आणि मग माझ्या तळहातावर ठेवला. “हा तुम्हांला,” तो म्हणाला. तोच हा डबींतला दांत.

मे महिन्यांत आम्ही परत आलों. पुण्याच्या घरीं बच्चेकंपनीला तो दांत पाहावयाचा असतो, तेव्हां माझी एक अट असते: आधीं आजोबांची चूक ऐकावी, मग डबी उघडेल. थोरल्या बंधूंना ही अट पसंत नाहीं. वडील माणसांनीं आपलीं उणीं लहानांपुढें काढूं नयेत, असें त्यांचें मत आहे. त्यांचा मान राखून मी आपली अट चालूं ठेवली आहे. परवां त्यांच्याच सहा वर्षांच्या नातीनें सारी हकीकत गंभीरपणें ऐकून घेतली आणि विचारलें, “मग तो मोठा दांत कोणाला मिळाला?”

“कोणालाच नाहीं. तो दांत होता कीं साधा दगड, हेंही कळलें नाहीं. तो मातीखालीं आहे.”

“मग आतां?”

“लाटा माती नेतील. दांत असला तर एके दिवशीं पाण्याच्या कडेला येऊन पडेल.”

“तोंवर?”

“तोंवर थांबायचें,” मी म्हणालों, आणि डबी उघडून तिच्या हातीं दिली.